बदलीची ऑर्डर

‘ट्रान्सफर’ या शब्दाशी माझी ओळख फार जुनी. वडील पोस्टात होते. दर तीन वर्षांनी खाकी लिफाफा यायचा, आई पाटा-वरवंटा पोत्यात बांधायला घ्यायची आणि आम्ही भावंडं नव्या गावच्या शाळेत मागच्या बाकावर जाऊन बसायचो. तिथे हमखास गंमत व्हायची. आमचा झालेला धडा तिथे पुन्हा सुरू व्हायचा आणि आमचा न झालेला धडा तिथे कधीच होऊन गेलेला असायचा. तेव्हा सत्तावन्नाव्या वर्षी, कॅलिफोर्नियात, माझ्या स्वतःच्या नावाची ट्रान्सफर ऑर्डर आली, तेव्हा मी जुन्या सवयीनं आधी पाट्या-वरवंट्याकडे बघितलं. तिथे मिक्सर होता.

ही ऑर्डर विद्यापीठाची होती. ‘कम्युनिटी कॉलेजातून आमच्याकडे तिसऱ्या वर्षाला या, विषय : इंग्रजी साहित्य.’

आता थोडं मागचं सांगायला हवं. मॅट्रिकनंतर मला साहित्य घ्यायचं होतं. वडील म्हणाले, “वाङ्मय काय, घरीसुद्धा वाचता येतं.” मग बारावी कॉमर्स, टायपिंगची चाळीसच्या स्पीडची परीक्षा, लग्न, १९९४ साली अमेरिका आणि दोन मुलं. वडिलांचा शब्द मी अक्षरशः पाळला. पुढची तीस वर्षं घरी वाचलं. भात लावून वाचलं आणि भात करपवूनही वाचलं.

मुलं घराबाहेर पडल्यावर २०२१ मध्ये गावातल्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. ही कॉलेजं म्हणजे मोठी उदार मनाची माणसं. कॅलिफोर्नियात अशी ११६ आहेत. तुमचं वय विचारत नाहीत, मार्क विचारत नाहीत आणि फी युनिटला ४६ डॉलर. साठ युनिट गोळा करायची आणि विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं. कागदावर हे दोन वर्षांचं काम. मी सत्राला दोन-दोन विषय घेत चार वर्षांत केलं. आमच्या घरी भिशीसुद्धा याच गतीनं भरते.

फक्त साठ युनिट वाटेल ती चालत नाहीत. त्याची ‘आयगेट्सी’ नावाची एक यादी असते. (हल्ली २०२५ पासून नव्या मुलांना तिची धाकटी बहीण ‘कॅल-गेट्सी’ लागते.) साहित्य शिकायचं म्हणून त्या यादीत मी साहित्य शोधायला गेले, तर मला गणित भेटलं. ज्या गणिताच्या भीतीनं माणूस साहित्याकडे पळतं, ते पुढच्या वळणावर उभंच. मी संख्याशास्त्र घेतलं. शिवाय प्रयोगशाळेसह एक विज्ञान. शेक्सपिअरपर्यंत पोचण्यासाठी मी भूशास्त्राच्या तासाला तीन महिने दगड ओळखत होते.

पण याच यादीत शेवटी एक कलम होतं : इंग्रजीशिवाय दुसरी भाषा. कौन्सेलरबाई म्हणाल्या, “स्पॅनिश घेणार का?” मग चष्मा वर करून त्यांनी नियम वाचला. सहावी किंवा त्यापुढच्या वर्गांत किमान दोन वर्षं इंग्रजी सोडून दुसऱ्या माध्यमातून शिक्षण झालं असेल तर माफ! इथल्या हळदीकुंकवात ‘मी मराठी मीडियमची’ हे वाक्य तीस वर्षं मी हळू आवाजात बोलत आले होते. साताऱ्याहून भावानं शाळेचं पत्र मिळवून धाडलं. ‘शिक्षणाचे माध्यम : मराठी’. खाली गोल शिक्का. स्पॅनिश वाचली. ते पत्र मी कॉलेजला देण्याआधी दोनदा झेरॉक्स करून ठेवलं, एक नुसतं बघायला.

आता प्रश्न पुढच्या साठ युनिटांचा. पदवीला एकशेवीस लागतात. म्हणजे ऑगस्ट २०२५ ते मे २०२७, चार सत्रं, दर सत्राला पंधरा. जेवणाच्या टेबलावर मी तक्ता मांडला. विभागाची अट अशी की काही विषय १८०० च्या आधीच्या साहित्यातले हवेत. तिथे चॉसर आजोबा बसलेले. पण चॉसरचा जन्म १३४० च्या आसपासचा आणि आमची ज्ञानेश्वरी १२९० ची. त्यामुळे आजोबांना मी मनातल्या मनात धाकट्या दिरासारखं वागवते. खरा घोर एकोणिसाव्या शतकाचा. ‘मिडलमार्च’ ही कादंबरी १८७१-७२ मध्ये आठ भागांत निघाली. म्हणजे त्या काळच्या वाचकांना ती वाचायला वर्ष मिळालं. आम्हाला तीन आठवडे मिळणार, आणि मधे दिवाळी.

त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला यांचाही एक तक्ता होता : निवृत्ती डिसेंबर २०२६, पुण्याला प्रयाण जानेवारी २०२७. त्यात कोथरूडच्या फ्लॅटच्या रंगाला रकाना होता, गुडघ्याच्या ऑपरेशनलाही होता. वर्षाला पंधरा हजारांच्या वर डॉलर फीला मात्र नव्हता. यांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवले, बराच वेळ पाहिले आणि अगदी सहज म्हणाले, “अगं, घरीसुद्धा वाचता येतं की.”

चाळीस वर्षांनी तेच वाक्य. फक्त आवाज बदलला होता.

मी चिडले नाही. चिडायला शब्द सापडायला लागतात. गेल्या वर्षीचा एक तास आठवला. इब्सेनचं ‘डॉल्स हाउस’ चाललं होतं. एकोणीस वर्षांचा एक पोरगा म्हणाला, “नोरानं घर सोडलं ते ठीक, पण एवढा उशीर का केला?” सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला, जणू मी तिची जाऊ. मी म्हटलं, “स्वयंपाक व्हायचा होता.” सगळे हसले. तो पोरगा हसला नाही. तासानंतर पार्किंगपर्यंत माझ्याशी भांडत आला.

तेच मी यांना सांगितलं. “घरी वाचून झालं हो. आता मला कुणाशी तरी भांडत वाचायचंय.”

“माझ्याशी भांडतेस की.”

“तुम्ही पुस्तक वाचलेलं नसतं.”

पुढचे दोन दिवस घरात फक्त मिक्सर बोलत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी हे चहाचा कप घेऊन टेबलाशी आले आणि खोडरबर शोधायला लागले. “जानेवारीत जायचं आणि आख्खा मे पुण्यात उकडून काढायचा, यात काही अर्थ नाही. जूनमध्ये जाऊ, पावसाला धरून.” एवढं बोलून जानेवारी खोडला. फीचा रकाना मात्र पेन्सिलीनंच आखला.

मग माझा तक्ता ओढून घेतला. “मंगळवार-गुरुवार तू सातला येणार. मग मला स्वयंपाक शिकायला हवा. कुठून सुरुवात?”

“वरण-भात. तो लोअर डिव्हिजन. पोळी वरच्या वर्गाला. तिची पूर्वअट कणीक.”

यांनी वहीत लिहून घेतलं. हा माणूस इंजिनिअरिंगला पहिला आलेला, त्यामुळे अभ्यासक्रम दिसला की डोळे चमकतात. थोड्या वेळानं मान वर करून म्हणाले, “हॉस्टेलवर इस्त्रीवर पाव भाजायचो आम्ही. त्याची युनिट ट्रान्सफर होतात का?”

मी कौन्सेलरबाईंसारखा चष्मा वर केला. “अर्धं युनिट,” म्हटलं, “आणि तेही इलेक्टिव्हमध्ये.”