चिवटपणाचा आकडा

आमचे चिरंजीव पुण्याला शिकायला निघाले, तेव्हा मला ‘केन्शी’ नावाचा २०१८ सालचा संगणकावरचा खेळ शिकवून गेले. यात आपण राजपुत्र वगैरे नाही. साधा कंगाल माणूस. तांबं खणायचं, विकायचं, पोट भरायचं. वाटेत भुकेले दरोडेखोर बडवतात. पण मार खाऊन जिवंत राहिलात, तर चिवटपणाचा आकडा वाढतो! बँकेच्या काउंटरवर मी वीस वर्षं मार खातोय (शब्दांचा हो!), आकडा कुणी दाखवला नाही. शेवटी माळावर घर बांधलं, तर करवसुलीवाले दारात हजर!

परवा फोन आला. “बाबा, खोली मिळाली, मेस अजून नाही.”

“तांबं खण,” मी म्हणालो.

इचलकरंजीच्या मागांच्या खडखडाटात घोरणारा मी, त्या रात्री जागाच. उठलो, खेळ लावला आणि माळावरच्या घरात आणखी एक खाट टाकली.