वडील काय करतात?

जून 1982. पाचवीचा पहिला आठवडा. बाई नव्या वर्गाची माहिती भरून घेत होत्या. नाव, पत्ता, जन्मतारीख, वडील काय करतात. परळच्या शाळेत या शेवटच्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर होतं, "गिरणीत आहेत." माझ्या आधीच्या दहा-बारा जणांनी तेच सांगितलं. मी मात्र आदल्याच संध्याकाळी खोटं बोलण्यावरून मार खाल्ला होता, आणि आप्पा तर जानेवारीपासून गिरणीत पाऊलही टाकत नव्हते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "संप करतात."

वर्ग खदखदून हसला. सगळ्यात मोठ्यानं हसणाऱ्या पोराचा बापही 18 जानेवारीपासून घरीच होता. गिरण्यांच्या संपात अडीच लाख कामगार बाहेर पडले होते. त्यांतल्या किती जणांची पोरं त्या वर्गात हसत होती, हे मोजायचं भान तेव्हा कुठलं असायला! बाई तेवढ्या हसल्या नाहीत. काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

चाळीत फजिती आपल्या आधी घरी पोचते. मी जिना चढतोय तोच वरून हाक आली, "काय रे संप्या!" हे नाव दहावीपर्यंत चिकटलं. आप्पा गॅलरीत गंजीफ्रॉकवर बसून सकाळचाच पेपर दुसऱ्यांदा वाचत होते. आता काय होतंय म्हणून मी दप्तर छातीशी धरून उभा. मान वर न करता त्यांनी विचारलं, "बाईंनी काय लिहिलं?"

"गिरणी कामगार." शेजारच्या बाकावरच्यानं डोकावून पाहिलं होतं.

"मग झालं तर," म्हणाले आणि पान उलटलं.

मराठीत या प्रकाराला केवढे शब्द आहेत! वरमणं, ओशाळणं, खजील होणं, पचका, फजिती, आणि अलीकडचा पोपट. पचक्याला चारचौघं लागतात. ओशाळायला एकटा माणूसही पुरतो. माझे पचके पुष्कळ. दामोदर हॉलमध्ये स्नेहसंमेलनात ऐन तलवार उपसताना मिशी सुटून ओठावर लोंबली होती, तेही त्यातच. पण ते सोडून देऊ, मिशी कुणाची पडत नाही?

टेलिफोनचं तसं नाही. 1992 साली फोर्टमधल्या एका ऑफिसात चिकटलो. आमच्या घरी फोन नव्हता. कुणाचा आलाच तर खाली वाण्याच्या दुकानात, तोही इतरांचा. तिसऱ्या दिवशी मला भुलेश्वरच्या पार्टीला फोन लावायला सांगितलं. मी रिसीव्हर उचलला आणि बोलायला लागलो. टाइपरायटर थांबले. चहावाला पोऱ्या दारात थबकला. फोन ठेवल्यावर हेडक्लार्क सौम्यपणे म्हणाले, "अहो, भुलेश्वर इथून जवळच आहे. खिडकी उघडली असतीत तर फोनचे पैसे वाचले असते."

कानाची पाळी तापली. रात्री जेवताना पहिल्यांदाच लक्षात आलं की आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतो. आप्पा साचेखात्यात होते. शेकडो माग एकाच वेळी धडधडत असताना शेजारच्याला काही सांगायचं तर घसा फोडावा लागतो, नाहीतर ओठ वाचावे लागतात. वीस वर्षं तसं काम केल्यावर कानही जातो आणि आवाजही चढतो. आप्पा आमच्याशी तसे बोलत, म्हणून आई तशी बोले, म्हणून मी. गिरणी सुटून दहा वर्षं झाली होती तरी आमटी वाढ हे वाक्य आम्ही मागाच्या आवाजाच्या वरच्या पट्टीतच बोलत होतो. ऑफिसात मी हळू बोलायला शिकलो. घरी हळू बोललो की आप्पा विचारत, "काय? बरं नाही का?"

हे दोन्ही किस्से मी लग्नाकार्यात रंगवून सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. तिसरा कुणाला सांगितलेला नाही. त्याच ऑफिसात कायम झालो तेव्हा एक फॉर्म भरायचा होता. त्यातही तोच रकाना, वडिलांचा व्यवसाय. बाजूच्या टेबलावरच्या मुलानं 'बँक अधिकारी' लिहिलेलं मला दिसलं. मी क्षणभर थांबलो आणि लिहिलं, 'निवृत्त'. कुणी हसलं नाही, कुणी विचारलं नाही. आप्पांना निवृत्त कुणीही केलं नव्हतं. निरोपसमारंभ नाही, नारळ नाही, शाल नाही. संप लांबला, गिरणीनं परत घेतलं नाही, आणि ते दादरच्या एका दुकानात कापड मोजायला लागले. त्या फॉर्मवर तीन अक्षरं लिहून मी ती दोन्ही कामं खोडली.

आता मागे वळून पाहताना वर्गातलं ते हसू टोचत नाही. हा फॉर्म टोचतो. त्याच्यापुढे पाचवीतलं उत्तर किती तरी बरं होतं, आणि अचूकही. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा गिरण्यांचा तो संप अधिकृतपणे मागे घेतल्याची घोषणा आजवर झालेली नाही.