घोड्यांचा डॉक्टर, गाईंचा बाजार

नगर सोडून इमामपूरचा घाट उतरलो. पांढरीचा पूल मागे पडला आणि संभाजीनगरच्या रस्त्यावर घोडेगाव आलं. शुक्रवार, बाजाराचा दिवस. नावात घोडा, पण दावणीला सगळ्या गाई-म्हशी!

"मामा, इथं घोडे नाही येत?"

म्हशीच्या कासेवरचा हात न काढता व्यापारी म्हणाला, "घोड्याचं दूध काढताय का?"

घोड्याकडून गाईकडे वळलेला असाच एक माणूस मला तिथं आठवला, जॉन हेन्री स्टील. जन्म १८५५चा. लंडनमध्ये पशुवैद्यक शिकवून तो लष्करी पशुवैद्य म्हणून हिंदुस्थानात आला. राणीच्या राज्यात हे खातं होतं रिसाल्याच्या घोड्यांसाठी, तोफा ओढणाऱ्या जनावरांसाठी. ऑस्ट्रेलियातून जहाजानं आणलेला वेलर घोडा मेला, की तिजोरीला खार लागे. बैल मेला, तर कुणब्याचा. पुण्यात १८६२ साली पशुवैद्यकाची शाळा निघाली, तीही लष्करासाठीच. बुळकांडी या गुरांच्या साथीनं गोठेच्या गोठे बसू लागले तेव्हा कुठं सरकारनं आयोग नेमला. त्याचा अध्यक्ष हॅलनही मुंबई लष्कराचा पशुवैद्यच. अहवाल आला १८७१ मध्ये.

स्टीलचा पिंड निराळा. हिंदुस्थानात येण्याआधीच, १८८१ साली, त्यानं बैलांच्या रोगांवर जाडजूड ग्रंथ लिहिला होता. पुढं हत्ती आणि उंटावरही लिहिलं. १८८५ मध्ये ब्रह्मदेशात लष्कराची खेचरं सर्रा रोगानं मरत होती, तिथं जाऊन त्यानं त्यांचं रक्त तपासलं. त्या रक्तातला जंतू ग्रिफिथ इव्हान्स या दुसऱ्या लष्करी पशुवैद्यानं १८८० सालीच पंजाबकडे पाहिला होता. वरिष्ठांनी मात्र त्याचं म्हणणं मनावर घेतलं नव्हतं.

१८८६ मध्ये परळला, पेटिट या दात्यानं दिलेल्या जनावरांच्या साकरबाई रुग्णालयाच्या आवारात, मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. स्टील पहिला प्राचार्य. इथली पोरं शिकून गावोगावच्या गोठ्यांत जातील, असा तो बेत. माझ्या मते त्याची खरी कामगिरी हीच. ती बघायला तो फार राहिला नाही. १८९१ मध्ये गेला, वय अवघं पस्तीस.

बुळकांडी २०११ साली जगातून गेली. पण २०२२ मध्ये गुरांत लम्पीची साथ पसरली आणि सप्टेंबरात राज्यभरचे जनावरांचे बाजार बंद झाले. तेव्हा गाईंना टोचली ती लस मुळात शेळ्यांच्या देवीची.

मामाला लम्पीचं विचारलं. त्यानं म्हशीचा जबडा उघडून दात मोजले आणि म्हणाला, "दोन गाई गेल्या. तेव्हापासून म्हशीच घेतो."