वहाणा, वेलिंग्टन आणि सेनगावचा माळ

१/
आजच्या धाग्याचा विषय पाहून काही वाचकांना हसू येईल. किल्ले, ताम्रपट, तहनामे आणि लढाया यांवर लिहिता लिहिता आज मी बुटांवर लिहिणार आहे. माळावर आणि ओढ्याकाठी दिवसभर चालता येईल, पाणी आत येणार नाही आणि चार पावसाळे टिकतील असे बूट निवडणे हा वरवर पाहता दुकानातला प्रश्न. परंतु गेल्या श्रावणात त्याचे उत्तर शोधताना मी असईच्या रणांगणापर्यंत आणि तेथून पुन्हा आमच्याच आळीपर्यंत येऊन पोहोचलो.

२/
प्रथम भूगोल. सेनगाव हा हिंगोली जिल्ह्यातला तालुका. १ मे १९९९ पूर्वी हा सारा मुलूख परभणी जिल्ह्यात होता. येथे पायाखाली दोन जमिनी असतात. वर मुरमाड माळ, खाली काळीभोर शेते. माळावर कुसळी गवत, सराटे, बाभळीचे काटे. काळ्या रानात पावसानंतर असा चिखल होतो की दहा पावलांत एकेका पायाला दोन-दोन शेर माती लागते. ही माती बेसॉल्ट झिजून झालेली; पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते. जे पायतण माळावर चालते ते रानात अडते, हा इथला जुनाच अनुभव.

३/
मी वीरगळांच्या आणि जुन्या बारवांच्या नोंदी घेत हिंडतो. पूर्वी साधे जाळीदार खेळाचे बूट घालत असे. जाळीतून कुसळे आत शिरत आणि मोज्यांत रुतत. घरी आल्यावर ती उपटण्यात संध्याकाळ जाई. एकदा पावसात उतारावर घसरून गुडघा फुटला. तेव्हा ठरवले, नीट बूट घ्यायचे. शोध घेताना ध्यानात आले की मला हव्या असलेल्या बुटांचा जगभरचा मोठा गिऱ्हाईक म्हणजे माळावर तितर-लाव्यांमागे फिरणारा शिकारी! आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपवले. पण शिकाऱ्याची वाट आणि माझी वाट एकच आहे. तीच कुसळे, तेच ओढे.

४/
आता इतिहास. पावसाळी बुटाला इंग्रजीत आजही 'वेलिंग्टन' म्हणतात. हा वेलिंग्टन म्हणजे वॉटर्लूचा विजेता. पण ती पदवी मिळण्यापूर्वी तो आर्थर वेलस्ली होता आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्याच मराठवाड्यात, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे, शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढत होता. सेनगावपासून सरळ रेषेत ते ठिकाण शे-सव्वाशे किलोमीटर. भाद्रपद-आश्विनाचे दिवस, भरल्या नद्या, ओली जमीन.

५/
कैलना नदीला उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले. वेलस्लीने दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहिली आणि ताडले की, एवढी जवळची गावे असतील तर मधून चालण्याची वाट असलीच पाहिजे. ती होती. तो घोड्यावर होता. त्याचे पायदळ पाण्यातून चालत गेले आणि ओल्या पायांनी तोफांसमोर उभे राहिले. त्या दिवशी त्याच्या बाजूचे सुमारे १,६०० जण ठार वा जखमी झाले. पुढे उतारवयातही तो ही लढाई आपल्या कठीणतम लढायांत गणत असे.

६/
असईमुळे तो बूट जन्मला असे म्हणण्याचा मोह होतो. पण तसा पुरावा नाही, म्हणून म्हणणार नाही. बूट आला १८१०च्या दशकात, लंडनमध्ये. तेव्हाच्या हेसियन बुटांची शोभेची झालर काढून पायाला बेताने बसणारा, स्वारीला सोयीचा चामडी बूट त्याने होबी नावाच्या चर्मकाराकडून करवून घेतला. तो रबराचा नव्हता. रबर पुढे आले. चार्ल्स गुडइयरने गंधकासह तापवून रबर टिकाऊ करण्याचे पेटंट १८४४ साली घेतले आणि १८५३ साली हायरम हचिन्सनने फ्रान्समध्ये रबरी बुटांचा कारखाना काढला. पहिल्या महायुद्धात चिखलाने भरलेल्या खंदकांत सैनिकांची पावले कुजू लागली, तेव्हा हे बूट लाखोंनी बनले. आपल्या उसाच्या फडात दिसणारा 'गमबूट' हा त्याच वंशातला.

७/
परंतु गमबुटाने माळ चालता येत नाही. पाणी आत येत नाही हे खरे, पण घामही बाहेर जात नाही आणि घोट्याला आधार नसतो. हीच अडचण अमेरिकेत मेन प्रांतातल्या लिऑन लिऑनवूड बीन या शिकाऱ्याला आली. भिजल्या पायांनी घरी परतून कंटाळलेल्या या माणसाने १९११च्या सुमारास तळाला रबर आणि वर चामडे असा जोड बूट शिवून घेतला. पुढच्या वर्षी त्याने टपालाने १०० जोड विकले. त्यांतले ९० परत आले! रबर आणि चामडे जिथे एकत्र शिवले होते, नेमके तिथे ते फाटले होते. त्याने सर्वांचे पैसे परत केले, कर्ज काढले आणि बूट सुधारला.

८/
ही गोष्ट वाचली तेव्हा मला आमच्या आठवडी बाजारातले एक काका आठवले. झाडाखाली बसून चपला-बूट शिवतात. समोर रापी, आरी, मेणाचा गोळा. बूट घेण्यापूर्वी मी त्यांना विचारले होते, "काका, वॉटरप्रूफ बूट घेताना काय बघावं?" त्यांनी माझ्या मोबाइलवरची चित्रे पाहिली आणि म्हणाले, "चामड्यातून पाणी लवकर येत न्हाई बाळा. पाणी येतं ते टाक्यातून. टाके बघ." शंभर वर्षांपूर्वी मेनमध्ये ९० जोड गमावून जे शिकावे लागले, ते सेनगावच्या बाजारात एका वाक्यात मिळाले.

९/
काकांचे ज्ञान एका माणसाचे नव्हते. चामडे कमावणे हे आपल्याकडचे प्राचीन रसायनशास्त्र. बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा यांतला कषायरस कातड्यात मुरला की ते कुजत नाही. तरवड आमच्या माळावर पिवळ्या फुलांनी डवरलेला असतो. त्याच्या सालीवर दक्षिणेकडचा मोठा चर्मोद्योग उभा होता. कमावलेल्या चामड्याला तेल पाजत राहिले की ते पाणी धरत नाही. मोटेचा विचार करा. विहिरीतून दिवसभर पाणी उपसणारी ती चामड्याचीच. गळणारी मोट कोणी घेतली नसती. म्हणजे पाणी अडवणारी शिवण आपल्या गावोगावच्या हातांत होती. हे हात ढोर, चांभार, मांग, महार समाजांतले. आणि त्याच हातांचा गावाने विटाळ मानला.

१०/
येथून हा धागा माझ्या घरात शिरतो. माझे आजोबा निजामी राजवटीत वाढले. जवळच्या हिंगोलीला १८१९ ते १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. छावणी उठली तरी अधिकाऱ्यांचा शिकारीचा शौक या मुलखात मागे राहिला. आजोबा दहा-बारा वर्षांचे असताना एकदा हाक्याला गेले होते. हाका म्हणजे माणसांची रांग करून, डबे-ढोल बडवून जनावर बंदुकीच्या दिशेने काढणे. शिकारी अधिकारी मचाणावर, गुडघ्यापर्यंत बूट घालून. हाकारे काट्यांतून, अनवाणी.

११/
आजोबांकडे वहाणा नव्हत्या असे नाही. त्यांच्या वडिलांनी जाड तळाचा, करकर वाजणारा जोड मुद्दाम करवून घेतला होता. पण हाक्याला निघताना मुकादमाने सांगितले, वहाणा इथेच ठेवा, आवाजाने जनावर उधळेल. आजोबा ही हकिगत सांगत आणि टाचेतली बाभळीच्या काट्याची गाठ दाखवत. लहानपणी मला ते कारण पटे. मोठेपणी एके दिवशी प्रश्न पडला: हाक्याचे कामच मुळी आवाज करणे. जिथे ढोल वाजतात तिथे वहाणांच्या करकरीने काय बिघडणार होते?

१२/
उत्तर आळीत होते. आमच्या आळीतली माणसे वाड्यासमोरून जाताना वहाणा काढून हातात घेत. ऊन असो, चिखल असो. 'पायीची वहाण पायीच बरी' ही म्हण आपण सहज वापरतो. पण वहाण पायी असू देण्याचाही हक्क सर्वांना नव्हता. मुकादमाने दिलेले कारण शिकारीचे होते, नियम वाड्यासमोरचाच होता. इतिहास वाचताना हे मी शिकलो: सांगितलेले कारण आणि खरे कारण यांच्यामध्ये अंतर असते, आणि ते अंतर अनेकदा एखाद्याच्या टाचेत रुतलेले असते.

१३/
याच जिल्ह्यात वहाणांची आणखी एक कथा सांगतात. नामदेव गुरूच्या शोधात औंढा नागनाथाला गेले, तेव्हा विसोबा खेचर शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेले. काही कथनांत पायांत जीर्ण वहाणाही आहेत. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. नामदेव पाय ठेवतील तिथे पिंडी दिसू लागली. ही आख्यायिका आहे, कागदोपत्री इतिहास नव्हे. पण ज्या मुलखात कोणाचे पाय कुठे चालतात यावर माणसाची पायरी ठरे, त्या मुलखाने ही कथा शतकानुशतके जपली, हा मात्र इतिहासच.

१४/
आता वचन दिल्याप्रमाणे बूट. मी काय पाहिले ते क्रमाने सांगतो. बूट संध्याकाळी मापावा. दिवसभर चालून पाऊल थोडे फुगलेले असते. ज्या मोज्यांवर वापरायचा ते घालूनच मापावा. नाडी बांधून उतारावरून उतरल्यासारखे उभे राहावे. बोटे पुढे आदळली तर तो जोड ठेवून द्यावा. टाच मात्र वर उचलता कामा नये, अन्यथा फोड ठरलेला. जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली असावी. त्यामुळे पाणीही अडते आणि कुसळही. आणि काकांचा नियम: जितके टाके आणि जोड कमी, तितकी पाण्याला वाट कमी.

१५/
तळव्याची गोष्ट वेगळी. आजच्या खोल खाचांच्या रबरी तळव्यामागे एक शोकान्तिका आहे. १९३५ साली इटालियन आल्प्समध्ये गिर्यारोहणात सहा जणांचा मृत्यू झाला; विताले ब्रामानी या त्यांच्या सोबत्याने अपुऱ्या पादत्राणांना दोष दिला आणि १९३७ साली खाचांचा रबरी तळवा आणला. व्हिब्रम हे नाव त्याच्याच नावातून आले. मात्र आल्प्सच्या खडकाला उत्तम असलेल्या बारीक, दाट खाचा आमच्या काळ्या मातीत बुजून जातात. येथे खाचा रुंद आणि विरळ हव्यात, म्हणजे पाऊल झटकले की माती गळते.

१६/
पाणी अडवणाऱ्या पातळ पडद्याचा बूट घ्यावा का? १९६९ साली बॉब गोरने शोधलेल्या पदार्थापासून असे पडदे होतात. बाहेरचे पाणी अडते, आतली वाफ निघते. ओल्या गवतातून चालायला ते उत्तम. पण ओढा घोट्यावर चढला की पाणी वरून आत येते, आणि मग तोच पडदा ते बाहेर जाऊ देत नाही. पहिल्याच फेरीत मी दोन्ही बुटांत ओढा घेऊन घरी आलो! शेवटी आजोबांची रीत पत्करली: ओढा आला की जोडा काढायचा, गळ्यात अडकवायचा, पलीकडे पाय पुसून पुन्हा घालायचा. बूट चुलीजवळ वा कडक उन्हात वाळवू नये, चामडे तडकते. कागदाचे बोळे भरून सावलीत ठेवावा आणि महिन्याकाठी मेण-तेल द्यावे.

१७/
पहिल्यांदा ते बूट घालून निघालो तेव्हा वाटेत वाडा लागला. आता त्याची एकच भिंत उभी आहे, तिच्यावर पिंपळ उगवला आहे. तिथे मला कोणी अडवणार नव्हते. तरीही पाऊल क्षणभर थांबले. आजोबांच्या वहाणा त्या दिवशी मुकादमाकडेच राहिल्या, परत मिळाल्या नाहीत. तो जोड कसा होता हे सांगणारे आता कोणी उरले नाही. मी नाडी घट्ट केली आणि समोरून गेलो. बूट नवे असल्याने थोडे करकरत होते.

१८/
संग्रहालयांत तलवारी पुष्कळ आहेत. राजांचे, सरदारांचे जोडेही आहेत. हाकाऱ्याची वहाण मी अजून कुठे पाहिली नाही. ती झिजली, फेकली गेली, किंवा पायांत कधी आलीच नाही. म्हणून एक विनंती. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना लढाया आणि राजे यांच्याबरोबर हेही विचारा: लहानपणी पायांत काय होते, ते कोणी शिवले, आणि कोणत्या दारासमोर काढावे लागे. उत्तर तारखेसह लिहून ठेवा.
धागा समाप्त.