दही-साखर

२ जानेवारी २०२३, सोमवार
लेकीची सराव परीक्षा सुरू. निघायच्या वेळी आई दिसेनात. मागे न्हाणीपाशी उभ्या होत्या, हातात रिकामा तांब्या. "गेली का पोरगी? मग येते आत."
मामंजींना जाऊन अडीच महिने झाले.

३ जानेवारी
शाळेत सावित्रीबाईंची जयंती. लेकीने भाषण रात्री घरात पुन्हा म्हणून दाखवलं. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात विधवांच्या बाळंतपणाची सोय केली, तीही राहत्या घरात. पुढे अशाच एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला. यशवंत. तो डॉक्टर झाला.
आई स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत होत्या. हात थांबला. "स्वतःच्या घरात?" एवढंच विचारलं.

५ जानेवारी
झोप नाही. मामंजींचा दहावा दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. भावकीतल्या बायका, दगड, बांगड्या. एक काच मनगटात रुतली. आई "हळू गं" म्हणाल्या. मी दोन हातांवर कळशी घेऊन उभी. तोंडातून शब्द काढला नाही.

७ जानेवारी
हळदीकुंकवाची यादी केली. सत्तावीस नावं. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या. मागच्या वर्षी सगळी यादी आईंनी तोंडपाठ सांगितली होती. यंदा म्हणाल्या, "तुझं तू बघ."

९ जानेवारी
हेरवाडचा विधवा प्रथा बंदीचा ठराव काढून नीट वाचला. शिरोळ तालुका, आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातलं गाव. ४ मे २०२२. कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, सगळं बंद. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीचं वर्ष. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढलं, बाकीच्या ग्रामपंचायतींनीही हे करावं म्हणून.
मामंजी गेले ऑक्टोबरात. म्हणजे कागद आधी निघाला होता. आमच्या अंगणात दगड नंतर उचलला गेला.
यांना वाचून दाखवलं. "चांगलं आहे," म्हणाले. जेवण झाल्यावर पुन्हा, "पण आईला कुणी काही बोललं तर?" यांची भीती खोटी नाही.

१० जानेवारी
बाजारातून हिरव्या बांगड्या आणल्या. दोन डझन.

११ जानेवारी
आईंनी बांगड्या पाहिल्या, कागदात गुंडाळून परत दिल्या. "मला विचारलंस?" मग दिवसभर अबोला.

१२ जानेवारी
फोडताना त्यांना कुणी विचारलं नाही. भरायचं ठरवताना मीही विचारलं नाही. नवा विचार म्हणून मिरवत होते, वागले जुन्यासारखीच.

१३ जानेवारी
रात्री चुलीपाशी बसून विचारलं, "आई, तुम्हाला काय हवंय?"
खूप वेळ काही नाही. निखारे सारखे केले. मग म्हणाल्या, "पोरगी निघताना मला पुढं थांबायचंय. आन् कोण पण येऊ दे, मला पुढच्या खोलीत बसायचंय. मागं लई अंधार असतो."
कुंकू नको. बांगड्या अजिबात नकोत, मनगट अजून ठणकतं. गळ्यातलं? "बघू."

१४ जानेवारी, भोगी
तीळ लावून बाजरीच्या भाकरी. आईंनी थापल्या.

१५ जानेवारी, संक्रांत
यादीत दोन नावं वाढवली. एक आईंचं. दुसरं गल्लीतल्या त्या सुनेचं, तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. वय तीसच्या आतलं.

२२ जानेवारी
हळदीकुंकू झालं. हात अजून थरथरतात, तरी लिहिते.
आई खिडकीजवळच्या खुर्चीत. राखाडी लुगडं, स्वच्छ. शेजारच्या काकू उंबऱ्यातच थबकल्या. आईंनी मान वर केली, "या की." काकू आल्या. बसल्या. करंडा घेऊन मी आईंपुढे गेले. त्यांनी हात आडवा केला, कुंकू नको, तिळगूळ घेतला, वाटी घेतली, फूल केसांत माळलं. स्वतःच्या हाताने. खोलीत कुणी बोलेना. मग काकूच म्हणाल्या, "वैनी, फूल शोभतंय."
गल्लीतली सून फाटकाशी घुटमळत होती. आईंनीच हाक मारली, "ये गं, माझ्याशेजारी बस."
यादीतल्या दोघी आल्या नाहीत. आणखी एक उंबऱ्यातून परत गेली. मला राग आला. आई म्हणाल्या, "मीच पंचवीस वरसं अशीच परत जात होते. येतील."

२६ जानेवारी
ग्रामसभा. मी विषय मांडला. हेरवाडचं नाव घेतलं, परिपत्रक वाचलं. "पुढच्या सभेत घेऊ." लेखी अर्ज दिला, पोच घेतली.

२८ जानेवारी, रथसप्तमी
तीन वाट्या उरल्या. आईंनी धुऊन फळीवर ठेवल्या. "त्यांच्या त्यांना देऊ."

९ फेब्रुवारी
डेअरीत दूध घालायला आज आई गेल्या. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा गावातून चालत. फॅट कमी लागली म्हणून भांडून आल्या. किती दिवसांनी तो आवाज ऐकला.

१७ फेब्रुवारी
परत गेलेली बाई आज विरजण मागायला आली. आईंनी वाटी भरून दिली. वाणाचीच.

२ मार्च
दहावीचा पहिला पेपर. मराठी. अकरा वाजता.
आईंनी रात्रीच दही विरजलं होतं, आपल्या वाणाच्या वाटीत. लेकीच्या तळव्यावर दही ठेवलं, वर साखर. लेकीने तळवा चाटला, पाया पडली. आई फाटकापर्यंत गेल्या. एसटी वळेपर्यंत उभ्या राहिल्या.
अर्जाला उत्तर नाही. १ मेला ग्रामसभा आहे. आई येणार आहेत.