खालून दिसते ती माशी

अनुकृतीचा सिद्धान्त आम्ही दोघे गेली अठरा वर्षे वर्गात शिकवीत आलो आहोत. त्यात आमची परीक्षा झाली ती मात्र मोंटानातल्या बोझमन गावी, दादांच्या टेबलाशी.

कॅडिस हा पतंगांच्या कुळाजवळचा, नदीकाठचा कीटक. बसला की पंख छपरासारखे मिटतो. ट्राउट माशाचे हे खाद्य. म्हणून गळावर त्याची प्रतिकृती बांधायची, हा दादांचा निवृत्तीनंतरचा छंद. व्हाइसमध्ये चौदा नंबरचा गळ. त्यावर सशाच्या लोकरीचे अंग, भोवती गुंडाळीत नेलेले कोंबड्याच्या मानेचे पीस, ते जागी राहावे म्हणून उलट दिशेने बारीक तार, आणि पाठीवर एल्क हरणाच्या केसांचा झुबका. हे केस पोकळ, म्हणून तरंगतात. अल ट्रॉथ यांनी १९५७ साली बांधलेला हा नमुना. त्याला ना डोळे, ना मिशा.

आम्हांला तो अपुरा वाटला. आम्ही पिसाचे पंख कातरले, त्यांवर शिरा रेखल्या, लांब मिशा लावल्या. दादा म्हणाले, "सुंदर आहे. पण तुम्ही वरून पाहताय. ट्राउट खालून पाहतो."

संध्याकाळी मॅडिसन नदीवर कॅडिसचे थवे उतरले. आमची माशी कलंडली, बुडाली. दादांची केस विस्कटलेली माशी तिसऱ्या फेकीला माशाने घेतली. दादांनी मासा पुन्हा पाण्यात सोडला. गॅरी लाफॉन्टेन यांनी 'कॅडिसफ्लाइज' (१९८१) लिहिण्याआधी पाण्याखाली उतरून, वर येणाऱ्या कॅडिसच्या अंगाभोवतीची हवेची चकाकी पाहिली होती, हे दादांनी परतताना सांगितले.

आम्ही दोघे गप्प होतो. दोघांनाही एकच विद्यार्थी आठवत होता. वाडीतल्या मेंढरांवरची त्याची कथा आम्ही एका रविवारी बसून 'शुद्ध' केली, वार्षिकांकात छापली. अंक चाळून तो म्हणाला होता, "छान झालीय, सर. पण आमच्याकडं असं कुणी बोलत न्हाई." पुढे त्याने काही लिहून आणले नाही. त्याची भाषा कुणाला, कुठून ऐकू येते, हे आम्ही विचारलेच नव्हते.

त्याच्या हातचे मूळ कागद अजून आमच्या कपाटात आहेत. त्याचा पत्ता शोधतो आहोत.