रूमचे सेल्जुक : अक्सराय आणि सिवासहून

अक्सराय

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

सेल्जुक म्हटलं की सगळे 1071च्या मांझिकर्टवर थांबतात : बायझंटाइन सम्राट कैद झाला आणि अनातोलिया तुर्कांचा झाला. मला हे अपुरं वाटतं. त्या लढाईने दार उघडलं, पण रूमच्या, म्हणजे अनातोलियातल्या, सेल्जुकांचं कोन्याचं राज्य उभं राहिलं ते व्यापारी रस्त्यांवर. 1207 मध्ये अंताल्या आणि 1214 मध्ये सिनोप हाती आलं, म्हणजे भूमध्य समुद्र आणि काळा समुद्र या दोहोंवर बंदरं मिळाली. 1220 मध्ये व्हेनिसशी करार झाला. मग सुलतान कैकुबादने 1229 मध्ये कोन्या-अक्सराय वाटेवर सुलतान खान ही सराई बांधली. किल्ल्यासारख्या भिंती, संगमरवरी दरवाजावर मधाच्या पोळ्यासारखं खोल कोरीवकाम, चौकाच्या मध्यावर चार कमानींनी उचलून धरलेली छोटी मशीद आणि मागे हिवाळ्यासाठी बंदिस्त दालन. कुणी म्हणेल, हा तर सैन्याचा तळ आणि सुलतानाचा बडेजाव. सैन्यही इथे उतरत असेल. पण कायसेरीजवळच्या कराताय खान या सराईचं वक्फपत्र पाहा : मुसलमान असो वा परधर्मीय, स्वतंत्र असो वा गुलाम, उतरणाऱ्याला जेवण मिळालंच पाहिजे. बडेजाव दरवाजात दिसतो. त्यासाठी कुणी भटारखान्याची कायमची तजवीज करून ठेवत नाही.

सिवास

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रातल्या आक्षेपाहून बळकट आक्षेप असा, की एवढी संपन्नता असूनही 1243 मध्ये कोसे दाग इथे मंगोलांपुढे हे राज्य एका लढाईत कोसळलं. खरं आहे, आणि त्याची चाहूल आधीच लागली होती. 1240 मध्ये बाबा इशाक या बंडखोराच्या मागे तुर्कमेन धनगर उठले. रस्त्यांचा पैसा शहरांत साठला, कुरणांपर्यंत पोचला नाही. घराण्याचा हा दोष मी झाकणार नाही. पण व्यापार पराभवाने संपला नाही. सिवासमध्ये 1271 या एकाच वर्षात तीन मदरसे उभे राहिले. गोक मदरसा सेल्जुक वजीर साहिब अताचा, तर जोडमिनारांचा मदरसा मंगोलांचा वजीर शमसुद्दीन जुवैनी याचा. जिंकणाऱ्यांच्या वजिरालाही इथे पैसा घालावासा वाटला, कारण शहर चालू होतं. सुलतान निव्वळ नावापुरते उरले, आणि 1308च्या सुमारास घराणं संपलं. राहता राहिलं मांझिकर्ट : तिथला विजेता आल्प आर्सलान तर इराणकडच्या थोरल्या सेल्जुक शाखेचा. रूमच्या घराण्याचा कर्ता पुरुष म्हणून मी कैकुबादचंच नाव घेईन.

कळावे.